लागर, थंडावा आणि कोरडें किण्व

या लेखाचा मथळा वाचून कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या घरांत पूजेचें पाणी वेगळ्या कळशींत भरलें जातें, त्या घरांत येणाऱ्या मासिकानें बिअर कशी आंबवावी याची चर्चा कशाला करावी, असा प्रश्न सहजच उद्भवेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, आंबवणें ही क्रिया आपल्या स्वयंपाकघरास मुळींच परकी नाहीं. दहीं, आंबील, जिलबीचें व इडलीचें पीठ हीं सर्व त्याच कुळांतलीं. शिवाय शास्त्रीय मराठींत आज या क्रियेसाठीं रूढ असलेला ‘किण्व’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांतच आलेला असून, गृहस्थांनीं कार्यप्रसंगीं श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मोकळीकही त्या कडक ग्रंथकारानें ठेवलेली आहे.

आम्ही स्वतः या पेयाचे भोक्ते नाहीं, आणि वाचकांस त्याची दीक्षा देण्याचा आमचा हेतूही नाहीं. महाराष्ट्रांत तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून घरीं मद्य तयार करणें हा गुन्हाच आहे. परंतु आमचा एक पुतण्या अमेरिकेंत मिल्वॉकी शहरीं राहतो. जर्मन मद्यकारांनीं गाजविलेल्या त्या शहराच्या हवेचा गुण म्हणा, त्यास घरीं बिअर करण्याचा नाद लागला. तेथें १९७८ सालीं झालेल्या व १९७९ च्या फेब्रुवारींत अमलांत आलेल्या कायद्यानें गृहस्थास स्वतःच्या उपयोगापुरती, म्हणजे घरांत एकच प्रौढ माणूस असल्यास वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक असल्यास २०० गॅलनपर्यंत, बिअर करण्याची मुभा आहे. त्याच्या या नादांतून आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला, आणि त्या वादाचा उलगडा करतां करतां आम्हांस चारशें वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तो इतिहास मनोरंजक व बोधप्रद वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

वाद असा होता. लागर जातीची बिअर ८ ते १२ अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींतच आंबवली पाहिजे, नाहींतर ती बिघडते, असें पुतण्याजवळच्या सर्व जुन्या पुस्तकांत लिहिलेलें. त्याचें तळघर उन्हाळ्यांत २० अंशांच्या आसपास असे. त्यासाठीं निराळें शीतकपाट घेणें त्यास परवडणारें नव्हतें व तें ठेवण्यास जागाही नव्हती. तेव्हां नियम मोडून पाहावा कीं नाद सोडून द्यावा?

नांव कशावरून पडलें

‘लागर’ हा शब्द जर्मन ‘लागेर्न’ या क्रियापदापासून आलेला असून त्याचा अर्थ सांठवून ठेवणें असा आहे. बव्हेरियांतील मद्यकार हिवाळ्यांत बिअर आंबवीत आणि ती पिंपांत भरून, खोदलेल्या थंड तळघरांत, तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या सोबतीनें, उन्हाळ्यापर्यंत ठेवून देत. या अवधींत किण्वाचे कण तळाशीं बसत, पेय निवळे, आणि त्याचा उग्रपणा जाऊन चव सौम्य होई. म्हणजे नांव जें पडलें तें आंबवण्यावरून नव्हे, तर सांठवण्यावरून पडलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आपल्याकडील गृहिणी या दोन क्रियांत कधींच घोटाळा करीत नाहींत. पीठ आंबतें आणि लोणचें मुरतें. पहिल्या क्रियेंत जंतूंची धांवपळ असते, दुसरींत केवळ काळाचें काम असतें. लागरच्या बाबतींत मात्र दोन्ही क्रिया एकाच थंड तळघरांत, एकामागून एक होत गेल्यामुळें थंडीचा नियम सरसकट दोहोंवर पांघरला गेला. आमच्या वादाची सगळी ग्यानबाची मेख येथेंच होती. परंतु ती आम्हांस बऱ्याच उशिरां उमगली.

थंडीचा नियम कोठून आला

१५५३ सालीं बव्हेरियाचा ड्यूक पांचवा आल्ब्रेख्ट यानें २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळांत बिअर करण्यास मनाई केली. उन्हाळ्यांत केलेली बिअर वारंवार नासे, हें त्याचें कारण. ती कां नासते हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. कारण किण्व हा सजीव पदार्थ आहे ही कल्पनाच मुळीं नव्हती. आज आपण असें सांगूं शकतों कीं, हवेंतील रानटी किण्व आणि आंबटपणा आणणारे जंतु उष्णतेंत माजत व थंडींत मंदावत. तळाशीं बसणारें एक किण्व मात्र थंडींतही आपलें काम धिमेपणानें करीत राही. एका पिंपांतील गाळ पुढच्या पिंपास विरजण म्हणून लावण्याची चाल असल्यामुळें, पिढ्यान्‌पिढ्या थंडी सोसणारेंच किण्व टिकून राहिलें व बाकीचीं मागें पडलीं. राजाज्ञेनें नकळत एका जातीची निवड केली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

या किण्वाचा प्रवासही मौजेचा आहे. डेन्मार्कमधील याकोब क्रिश्चन याकोबसेन या मद्यकारानें १८४५ सालीं म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यांतून तें कोपनहेगनला नेलें. वाटेंत जेथें जेथें गाडी थांबे, तेथें तेथें खालीं उतरून तो किण्वाच्या भांड्यांवर गार पाणी ओती, असें सांगतात. त्यानेंच १८४७ सालीं कार्ल्सबर्ग कारखाना काढला आणि १८७५ सालीं त्यास जोडून प्रयोगशाळा स्थापिली. फ्रान्समध्यें लुई पाश्चर यानें १८७६ सालीं बिअरच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध करून, पेय नासण्याचें कारण परके जंतु आहेत हें दाखवून दिलें. त्यापुढील पाऊल कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील एमिल क्रिश्चन हान्सेन यानें टाकलें. १८८३ सालीं त्यानें किण्वाची एकच पेशी निवडून तिच्यापासून शुद्ध वंश वाढविला, आणि कारखान्यानें तो लपवून न ठेवतां इतरांसही देऊं केला. त्याच सुमारास कार्ल फॉन लिंडे याचीं शीतयंत्रें मद्यशाळांत बसूं लागलीं होतीं.

येथें क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. शुद्ध किण्व हातीं आल्यावर थंडीनें परक्या जंतूंस रोखण्याचें जुनें कारण बरेंचसें संपलें. परंतु नेमक्या त्याच वेळीं यंत्रानें थंडी स्वस्त व बारमाही झाली. नियम पाळणें सोपें झाल्यामुळें तो कां पाळावयाचा हें विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं, आणि कारण गेलें तरी नियम राहिला.

ज्यांच्याजवळ थंडी नव्हती त्यांनीं मात्र निराळी वाट काढली. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या आशेनें कॅलिफोर्नियांत जी गर्दी लोटली तींत जर्मन मद्यकारही होते. सान फ्रान्सिस्को येथें बर्फ दुर्मिळ. म्हणून त्यांनीं तळाचेंच किण्व घेऊन, रुंद व उथळ हौदांत, तेथील समुद्रकांठच्या हवेंत जी उष्णता असेल तींत बिअर आंबवली. ‘स्टीम बिअर’ या नांवानें ती प्रसिद्ध झाली. तेथील अँकर मद्यशाळेनें तिची परंपरा २०२३ सालीं कारखाना बंद पडेपर्यंत चालविली. तात्पर्य, उष्ण जागेंत लागरचें किण्व वापरणें हा आजच्या उतावळ्या तरुणांचा शोध नव्हे. त्यास शंभरांहून अधिक वर्षांचा दाखला आहे.

दोन कुळांचें अपत्य

आतां हें किण्व आहे तरी कोण, हें पाहूं. पाव फुगविणारें आणि इंग्रजी पद्धतीची बिअर आंबविणारें किण्व उष्णताप्रिय आहे. लागरचें किण्व हें त्याच्या आणि दुसऱ्या एका थंडीप्रिय किण्वाच्या संकरापासून झालें आहे, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें होतें. परंतु तो दुसरा जनक कित्येक वर्षें सांपडत नव्हता. अखेर २०११ सालीं दक्षिण अमेरिकेच्या टोंकाकडील पॅटागोनियाच्या अरण्यांत, बीचच्या जातीच्या झाडांवरील गांठींत, तो आढळला व त्याचें नांव ‘सॅक्रोमायसीस युबायानस’ असें ठेवण्यांत आलें. पुढें तिबेटांतही तो मिळाला, आणि २०२२ सालीं आयर्लंडच्या मातींत सांपडल्यामुळें तो युरोपांतही वास करतो हें सिद्ध झालें.

या संकराच्या दोन शाखा आहेत. साझ नांवाच्या शाखेंत थंडीप्रिय जनकाचा वांटा अधिक; फ्रोबर्ग नांवाच्या शाखेंत दोन्ही जनकांचा वांटा जवळजवळ सारखा. अर्थात् पहिली शाखा थंडींत अधिक रमते आणि दुसरी उष्णता अधिक सोसते. म्युनिकजवळील वाइहेनश्टेफान येथील ‘३४/७०’ हा जगभर वापरला जाणारा वंश या दुसऱ्या शाखेंतला आहे, आणि घरगुती मद्यकारांस कोरड्या पुडींतून मिळणारें लागरचें सर्वांत प्रसिद्ध किण्व तेंच होय. विक्रेत्यांनीं त्यासाठीं सांगितलेली मर्यादा आज १२ ते १८ अंशांची आहे. जुन्या पुस्तकांतील आंकड्यांपेक्षां ती किती सैल आहे हें सहज दिसेल.

कोरडें किण्व म्हणजे कारखान्यांत भरपूर हवा देऊन वाढविलेल्या व मग हळुवार वाळविलेल्या जिवंत पेशी. एका ग्रॅमांत त्या कांहींशें कोटि असतात. वाढतांना मिळालेल्या हवेमुळें त्यांच्या अंगीं पुढील कामाची शिदोरी बांधलेली असते. म्हणून द्रव किण्वाप्रमाणें काढ्यांत हवा घोळवण्याची त्यांस तितकी जरुरी नसते. पुडी साधारण ११॥ ग्रॅमची असते. लागरसाठीं शंभर लिटरांस ८० ते १२० ग्रॅम हें प्रमाण सांगतात. म्हणजे वीस लिटरांच्या पिंपास दोन पुड्या पाहिजेत. एका पुडींत भागविण्याचा मोह पुष्कळांस होतो, आणि मग झालेल्या बिघाडाचें खापर उष्णतेवर फोडलें जातें.

उष्णतेनें काय बिघडतें

मोड आणून वाळविलेला सातू भरडून तो सुमारें ६५ अंशांच्या पाण्यांत तासभर ठेवला म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. तें गोड पाणी गाळून, हॉप्सचीं कडवट फुलें घालून उकळतात, आणि निवविल्यावर त्यांत किण्व सोडतात. किण्व साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायु निर्माण करतें. याखेरीज थोड्या प्रमाणांत इतरही द्रव्यें उत्पन्न होतात, आणि चवीचा सगळा बरावाईटपणा त्यांवर अवलंबून असतो.

उष्णता अधिक झाली कीं किण्वाची वाढ भरधांव होते व फळांच्या वासाचीं द्रव्यें वाढतात. त्यांतील एकास तर हुबेहूब पिकल्या केळ्याचा वास येतो. जड जातीचे मद्यार्कही वाढून पेय उग्र लागतें. हीं द्रव्यें मुख्यतः पहिल्या दोन-चार दिवसांत, म्हणजे किण्व वाढत असतांना होतात. याच्या उलट, ज्यामुळें लोण्याला त्याचा परिचित वास येतो तें डायॲसिटिल नांवाचें द्रव्य किण्व प्रथम नकळत निर्माण करतें आणि अखेरीस स्वतःच शोषून घेतें. हें शोषण उष्णतेंत लौकर होतें. म्हणून थंडीचे कट्टे पुरस्कर्तेदेखील शेवटीं दोन-तीन दिवस पिंपास थोडी ऊब देतात. सारांश, उष्णता आरंभीं घातक व अखेरीस उपकारक आहे. ती किती आहे यापेक्षां केव्हां आहे, हा प्रश्न मोठा.

तळघरांतील पिंप

पुतण्यानें धीर करून २० अंशांच्या तळघरांत पहिलें पिंप लावलें. त्याच सुमारास आमच्या वहिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, तिकडे तीन महिने राहावयास गेल्या होत्या. घरांत असलें कांहीं चाललें आहे हें कळतांच त्यांनीं तळघरांत पाऊल टाकणार नाहीं असें बजावलें. परंतु धुण्याचें यंत्र त्याच तळघरांत! दोन दिवसांनीं धुणें घेऊन त्यांस खालीं उतरावेंच लागलें. पिंपांतून बुडबुड आवाज येत होता. चाळीस वर्षें पिठें आंबविलेल्या त्या हातास राहवलें नाहीं. त्यांनीं तळवा आधीं शेजारच्या पाण्यानें भरलेल्या बादलीस लावला, मग पिंपास, आणि वरून मुलाला हाक मारून म्हणाल्या, “अरे, ही बादली गार आहे आणि तुझं हें पिंप ऊन लागतंय. खोलीचा पारा काय बघत बसतोस? भांड्याचा बघ कीं!”

तापमापक लावून पाहिला तों खोलीचा पारा २० अंशांवर आणि पिंपाचा २४ वर! किण्व साखर खातें तेव्हां उष्णताही उत्पन्न होते आणि मोठ्या भांड्यांत ती कोंडून राहते, ही गोष्ट पुतण्यानें पुस्तकांत वाचली होती. पण हातानें पाहिली नव्हती. त्या पिंपांतील पेयास अखेर केळ्याचा वास आला. पुतण्यानें आम्हांस कळविलें, “काका, नियम मोडला कीं बिघडतं हेंच खरं.” आम्हीही मान डोलाविली. वहिनींचें मत मात्र वेगळें होतें. त्यांनीं विचारलें, “नियमानं बिघडलं कीं निष्काळजीपणानं?”

दुसऱ्या वेळीं पिंप रुंद टबांतील पाण्यांत ठेवण्यांत आलें, भोंवतीं ओलें फडकें गुंडाळलें, व सकाळ-संध्याकाळ गोठविलेल्या पाण्याच्या बाटल्या टबांत सोडल्या. माठांतील पाणी गार राहतें त्याच तत्त्वावर ही व्यवस्था होती. पहिले चार दिवस पिंपाचा पारा १८ वर राहिला. पुढें तो आपोआप २० पर्यंत चढूं दिला. दहाव्या दिवशीं घनतामापकाचा आंकडा लागोपाठ तीन दिवस न बदलल्याची खात्री करून मगच पेय बाटल्यांत भरलें. ही खात्री न करणारांच्या बाटल्या वायूच्या दाबानें फुटतात व कांचा लागून इजा होते, म्हणून तिचा येथें मुद्दाम उल्लेख करतों. मोजकी साखर घालून दोन आठवडे बाटल्या उबेंत ठेवल्या, आणि मग चार आठवडे घरांतल्या नेहमींच्या शीतकपाटांत मुरूं दिल्या. आंबणें उबेंत झालें, पण मुरणें थंडींतच झालें, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. वहिनींनीं पेयास ओंठ लावला नाहीं, नुसता वास घेऊन म्हणाल्या, “या खेपेला केळं नाहीं.”

पुतण्याच्या एका मित्राजवळ निराळें शीतकपाट होतें. त्यानें तोच काढा व तेंच किण्व घेऊन ११ अंशांवर बिअर आंबवली होती. तेव्हां दोहोंची तुलना करण्याचें ठरलें. त्याची रीत अशी: प्रत्येकापुढें तीन पेले ठेवावयाचे, त्यांपैकीं दोन एका पिंपांतले व एक दुसऱ्यांतला, आणि निराळा कोणता तें ओळखावयास सांगावयाचें. शेजारी जमले, त्यांतील कांहींनीं तो ओळखला, कांहींनीं नाहीं. यावरून काय ठरलें? खरें पाहतां कांहींच नाहीं. नुसत्या अंदाजानें सांगणाराही तीन वेळांतून एकदां बरोबर ठरतो. सहा जण बसले तर दोघे केवळ दैवानें बरोबर येणार; चार किंवा अधिक बरोबर येणेंही निव्वळ योगायोगानें दहांतून एकदां घडूं शकतें. म्हणून अशा प्रयोगास माणसें पुष्कळ पाहिजेत आणि तो पुनःपुन्हा केला पाहिजे. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं असे प्रयोग पुष्कळ केले असून, ‘३४/७०’ च्या बाबतींत त्यांपैकीं कित्येकांत थंड व उबदार पिंपांतला फरक चाखणारांस खात्रीनें ओळखतां आलेला नाहीं.

नियमांतलें काय राहिलें

यावरून थंडीचा नियम खोटा होता असें मात्र कोणीं समजूं नये. बव्हेरियांतल्या मद्यकारास शुद्ध किण्व ठाऊक नव्हतें. त्याच्या परिस्थितींत त्याचा नियम शहाणपणाचाच होता. आजही प्रत्येक जातीचें किण्व ‘३४/७०’ इतकें सोशिक नाहीं, आणि १८ अंशांवर जें साधलें तें २४ वर साधत नाहीं, हें पहिल्या पिंपानें दाखविलेंच. भांडीं निर्जंतुक ठेवण्यांत कसूर झाली तर ११ अंशांची थंडीही पेय वांचवूं शकत नाहीं. नियमांतील एक भाग परक्या जंतूंसाठीं होता, तो शुद्ध किण्वानें व स्वच्छतेनें भागला. दुसरा किण्वाच्या स्वभावासाठीं होता, तो जातीप्रमाणें सैल किंवा घट्ट करावा लागतो. आणि तिसरा मुरण्यासाठीं होता, तो अद्याप जसाच्या तसा उभा आहे.

आपल्या घरांतूनही असे पुष्कळ नियम आहेत. घरांतील एक पिढी ते सरसकट पाळूं म्हणते व दुसरी सरसकट झुगारूं म्हणते. दोघांसही श्रम वांचवावयाचे असतात. कारण नियमाचे तुकडे सुटे करून त्यांतला कोणता कशासाठीं होता हें पाहणें कष्टाचें काम आहे. आम्हीही पहिल्या पिंपाच्या वेळीं तें टाळून मान डोलाविली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे.

वहिनी परत आल्यास आतां वर्ष होत आलें. मुलाचा हा नाद त्यांस आजही पसंत नाहीं, आणि तसें त्या त्यास दर रविवारीं फोनवर स्पष्ट सांगतात. मात्र फोन ठेवण्यापूर्वीं, “पिंपाला हात लावून पाहिलास ना रे?” असें विचारल्यावांचून त्यांस राहवत नाहीं.